उलटा पीळ

४ जानेवारी १९९७, शनिवार

हन्नाची पोरगी आली!

दुपारी दारात उभी. पायात जाडे बूट, पाठीवर पिशवी, डोक्याला रुमाल. म्हणते, "ठमामावशी ती तूच गो?" मी म्हटलं, तू कोण बाय? तर हसली. पुढच्या दातांत फट! तेव्हा ओळख पटली. हन्नाला अशीच फट होती.

हन्ना म्हणजे मागच्या आळीतल्या बेने इस्रायली अब्राहम सुताराची पोरगी. माझ्याबरोबरची. पासष्ट साली सगळे घरदार विकून इस्रायलला गेले. जाताना दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या माझ्याकडून घालून गेली. दोन वर्षांमागे वारली म्हणे. ही तिची शीरा. हिनं नवरा आणखी लांबचा केलाय, डेन्मार्कचा. पण बोलते हन्नासारखी, व्हय आणि नाय. माझा लेक पुंडलिक, त्याला घराबाहेर असं बोलायची लाज वाटते, हिला नाही.

किमयाचे मणी तिला दाखवले. किमया माझी नात, पुंडलिकची थोरली, वीस वर्षांची. पुंडलिक पेणहून रोज रोह्याला जातो, औषधाच्या कंपनीत काचेच्या नळ्या जोडतो. त्याचं बघून ही गॅसच्या बत्तीवर काच वितळवायला शिकली. माझ्या पेटीत फुटक्या बांगड्या ढिगानं आहेत, जन्मभर बांगड्याच विकल्या, त्यांचे मणी करते. शीरानं एक मणी उचलला, खिडकीशी गेली, उजेडात फिरवून फिरवून बघितला. मला वाटलं, नावं ठेवायला खोट शोधते आहे.

मग सांगत बसली. तिकडे हजार वर्षांमागे व्हायकिंग म्हणून दर्यावर्दी लोक होते. लांब होड्या, मारामाऱ्या. पण त्यांच्या बायका छातीवर काचेच्या मण्यांच्या माळा घालायच्या. शीरा ज्या म्युझियममध्ये काम करते तिथे तसेच मणी आता पुन्हा करतात, तशीच भट्टी लावून. दर उन्हाळ्यात बाहेरच्या एका कारागिराला सहा महिने बोलावतात. ज्याला यायचं त्यानं एका चित्रावरून तीन मणी करून पाठवायचे. तिकडचे लोक नाव न बघता निवडणार. "किमयानं का करू नये?" शीरा म्हणाली. किमया लाल झाली.

शीरा पंचवीस तारखेला परत येऊन मणी नेणार. तोपर्यंत कोचीनला जाते. चित्र दिलं, आणि कमरेच्या पाकिटातून कापसात गुंडाळलेला एक मणी काढला. खराखुरा, जुना. तिच्या सासऱ्याच्या बापाला नांगरताना सापडलेला; त्याच शेतातले बाकीचे म्युझियमकडे, चित्र त्यांचंच. करडा, मळकट, गोठ्यातल्या खड्यासारखा. किमयाचा डावा हात पुढे आला. मी टपली मारली. उजवा! पाहुण्यांसमोर तरी लाज ठेव.

"ह्यो मी दुसऱ्या कोनाला दाखवला नाय," शीरा म्हणाली. "मावशे, तुझ्याजवळ ठेवते. जप."

भट्टीजवळ नको म्हणून माझ्या बांगड्यांच्या पेटीत ठेवला.

हे सगळं लिहिताना बोटं दुखली. पुंडलिकच्या कंपनीची गेल्या सालची डायरी आहे, वार खोडून लिहावे लागतात. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. दुसरीपर्यंत शिकले, मग कंटाळा आला म्हणून शाळा सोडली. पुढचं बांगड्यांच्या पुड्यांवर नावं लिहून शिकले.

५ जानेवारी, रविवार

अटी ऐकून डोकं फिरलं. गॅस नाही, विजेचा पंखा नाही. कोळसा, भाता आणि मातीची भट्टी, त्या लोकांची होती तशी. ह्या पोरीनं कोळशावर कधी चहा केलेला नाही!

जनू लोहाराकडे गेले. त्याचा जुना भाता माळ्यावर पडलाय मला ठाऊक. म्हणाला, "ठमाबाय, या वयात भाता कशाला?" म्हटलं, तुझ्यात हवा कमी पडली तर भरायला. दिला. चामडं एका जागी फाटलंय, तेही शिवून दिलं.

माती गोविंदाच्या कारखान्यातून. माघी गणपतीची घाई, पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे बिनडोक्याचे गणपती सुकत बसलेले. घमेलंभर शाडू दिली. त्यात भाताचं तूस कालवलं, म्हणजे तापल्यावर तडकत नाही. भट्टी झाली मांजर बसेल एवढी. पुढे तोंड, मागे भात्याची नळी.

किमया चित्र भिंतीला लावून बसली आहे. निळा मणी, मधोमध एक पट्टा. पट्टा म्हणजे पिवळी आणि तांबडी काच एकत्र पिळून केलेला दोरा, तो मण्याच्या कमरेला गुंडाळलेला. चित्रात पट्टा नुसता करडा दिसतो. जुन्या मण्यावर पण मळच.

८ जानेवारी, बुधवार

पहिली भट्टी. भाता मी ओढते. दुसरं कोण ओढणार? बासष्ट वय, पण दंड अजून आहे.

लोखंडी सळईला शाडूचा लेप द्यायचा, वाळवायचा, वर वितळलेली काच गुंडाळायची. गार झाल्यावर मणी सळईवरून निघतो. निघतो म्हणजे निघाला पाहिजे! तापला मणी लगेच उघड्यावर ठेवला की मेला, म्हणून मडक्यात तुसाची गरम राख भरून त्यात पुरायचे. सकाळी नऊ मणी काढले, त्यातले सात तडकलेले. एक तर माझ्या हातात दोन तुकडे झाला.

किमया रडायच्या बेतात. मी म्हटलं, निळी काच कुठली घेतलीस? म्हणे औषधाच्या बाटलीची. आणि पिवळी? तुझ्या बांगड्यांची. मग कसं होणार! एक काच आकसते लवकर, दुसरी सावकाश, मग एकमेकीला फोडणारच. सगळी काच बांगडीची घे म्हटलं, त्यातही एका लॉटची. निळ्या मूठभरच शिल्लक आहेत.

भाता ओढून दमले. बसल्या बसल्या देवाच्या वाती वळल्या. सून म्हणाली, "आई, तुमची वात नेहमी उलटीच वळलेली असते. माझ्या वातीशी जोडली की सुटते." म्हटलं, जळते ना?

१० जानेवारी, शुक्रवार

पुंडलिक शिफ्टवरून आला तोच तोंड लांब. जेवताना बोलला.

"साहेबाशी बोललोय. एक तारखेपासून किमयाला पॅकिंगला घेतात. आठवड्याला शिफ्ट बदलते, बायकांना गाडी हाय."

किमया म्हणाली, "बाबा, पंचवीसपर्यंत थांबा."

"मी थांबलो, पन मान्सं थांबत नायत. ती जागा भरली की गेली. आनि तुजे मनी नाय आवडले तर?"

"नाही आवडले तर पॅकिंगला जाईन. मग पुन्हा बत्तीला हात लावणार नाही."

इतक्या पटकन बोलली की पुंडलिकचा घास हातात राहिला. माझाही. पोरगी सहा वर्षं त्या बत्तीशी बसली आहे. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरताना कशी दिसेल ते मला दिसलं, आणि मला ते आवडलं नाही.

तीन मणी. पंधरा दिवस.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

डोक्यावरून न्हाले. घर धुतलं, देव धुतले, पाट धुतले. बांगड्यांची पेटी उन्हात उघडली तर त्यात तो मणी. ईऽ! हजार वर्षांचा मळ. पाहुणीची वस्तू आपल्या घरात अशी ठेवायची, तीही सणाला?

रिठ्याच्या पाण्यात घातला. राखेनं चोळला. भोक दातांच्या जुन्या ब्रशनं साफ केलं. मळ कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून आला. आतून असा निळा निघाला! खाडीचं पाणी दुपारचं असतं तसा. पुसून नव्या कापसात ठेवला.

शीरा खूश होईल.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

किमयाला दाखवणार होते. त्याआधी तीच आली.

"आजी, शेजारी शीराताईचा फोन आला होता. मणी नीट आहे ना विचारलं. त्याच्यावर तो करडा थर आहे ना, त्याला नखसुद्धा लावायचं नाही म्हणाली. हजार वर्षं मातीत राहून काचेला तो येतो. तो थर म्हणजेच त्याचं वय. तो गेला तर नुसती काच."

माझ्या तोंडात तिळाचा लाडू होता. तसाच गिळला.

१५ जानेवारी, बुधवार. किंक्रांत

आज नवं काही सुरू करायचं नाही म्हणून भट्टी बंद. किमया म्हणाली, आजी मणी दे जरा, बघते. मी म्हटलं, किंक्रांतीला परक्याची वस्तू बाहेर काढत नसतात. असा काही नियम नाही. मी केला.

ती बाजारात गेल्यावर मी काढला. पुंडलिकचं भिंग घेतलं, उंबऱ्यात बसले. आता मळ नाही तर दोरा स्वच्छ दिसतो. पिवळा, तांबडा, पिवळा, तांबडा. बारीक, एकसारखा. कोणी केला असेल त्याचा हात चालता होता.

पण पीळ! मग किमयाचे मणी आणून शेजारी ठेवले. तिचा पीळ उजवीकडे चढतो. ह्याचा डावीकडे. सगळ्या दोऱ्यात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. चुकून नाही पडलेला.

असा पीळ डाव्या हातानं पिळलं की पडतो. मला माहीत आहे.

भिंग जागेवर ठेवलं. आता सांगायचं तर धुतला हे सांगावं लागेल. आणि दुसरंही सांगावं लागेल. ते तर त्याहून वाईट.

१७ जानेवारी, शुक्रवार

किमयाचे चार मणी धड निघाले. एकही तडा नाही. आळीतल्या बायका बघायला आल्या. निळा तोच, पट्टा बारीक, भोक सरळ. "अगदी चित्रातल्यासारखे," सून म्हणाली. चित्रासारखे आहेत. मण्यासारखे नाहीत.

मी सहज म्हणाल्यासारखं म्हटलं, पीळ उलटा घालून बघ ना एकदा.

"का?"

"सहज. बदल म्हणून."

"बदल करायचाच नाहीये आजी, तेच तर आहे!"

तरी मला बरं वाटावं म्हणून करायला बसली. उजव्या हातानं उलटं पिळायचं म्हणजे मनगट अडतं. दोरा एका जागी दोरखंड, दुसऱ्या जागी केस. तिसऱ्यांदा तुटून निखाऱ्यात पडला. "होत नाही," म्हणाली. "मेलं, हे माणसाच्या हाताला होणारच नाही."

मी भाता ओढत राहिले.

१८ जानेवारी, शनिवार

निळ्या बांगड्या संपल्या. रोह्याला पोपटकडे गेले. माझा सगळा जुना माल दुकान बंद करताना त्यानंच घेतला होता. निडी स्टेशनापर्यंत गाडीत बसायला मिळालं नाही, पुढे एका म्हाताऱ्यानं जागा दिली. म्हातारा माझ्याहून लहान असेल.

पोपट म्हणाला, "बरं आलात काकी, नवरी बसलीय, माझ्या हातानं चार फुटल्या." लग्नाचा चुडा. बसले. पोरगी वाशीची, सतरा-अठराची, शेजारी आई आणि होणारी सासू. हात हातात घेतला. उजव्यात सव्वादोन मापाची सुळकन गेली. डावा दाबला तर हाड रुंद, मांस घट्ट. एक माप मोठी, दोन-सहाच लागेल. ज्या हातानं बाई काम करते तो हात पसरतो. पन्नास वर्षं हात दाबले, मला कोणी सांगायला नको.

तोंडातून निघून गेलं, "डावखुरी ना गो तू?"

आई म्हणाली, "नाय हो, काय तरीच! उजव्यानंच जेवते." सासू पोरीच्या हाताकडे बघायला लागली. पोरीनं हात आपल्याकडे ओढला, माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत, पण अशी नजर नाही.

मी म्हटलं, माझी चूक, काल पडली असेल म्हणून सुजलाय हात. आई म्हणाली, व्हय व्हय, पडली हुती. कोणी पडलं नव्हतं.

पुडाभर निळ्या घेऊन परत आले.

किमयाचाही डावा हात दोन-सहाचा आहे. अजून. मी सगळं करूनही.

१९ जानेवारी, रविवार

आज सांगेन म्हटलं. नाही सांगितलं. गुडघे शेकत बसले.

२० जानेवारी, सोमवार

सांगितलं.

भट्टी पेटलेली, सळई तापलेली. म्हटलं, "डाव्या हातानं पीळ."

"काय?"

"ऐकू येत नाही? चिमटा उजव्यात धर आणि डाव्यानं पीळ."

"तू सांगतेस हे?"

"मीच. दुसरं कोण आहे इथे?"

मग पदराच्या गाठीतून मणी काढून तिच्यासमोर पाटावर ठेवला. निळा, चकचकीत. आधी तिला कळलंच नाही कुठला. कळलं तेव्हा किंचाळली. "आजी! काय केलंस हे!"

"धुतला. भोगीला. मला ठाऊक नव्हतं."

"आठ दिवस! आठ दिवस गप्प बसलीस!"

म्हटलं, हो. ओरडायचं ते नंतर ओरड, आधी उजेडात नेऊन बघ. दारात गेली. तोंड रागानं लाल, पण डोळे मण्यावर. मणी डोळ्याजवळ नेला. मग हळूच म्हणाली, "पीळ उलटा आहे."

"डावऱ्या माणसाचा आहे. तू उजव्यानं मेलीस तरी यायचा नाही."

ती परत फिरली. आता मण्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"मला जेवायला तासभर लागायचा. आठवतं तुला? डावा हात फडक्यानं पाठीशी बांधायचीस. भात सगळा मांडीवर सांडायचा. आणि तू म्हणायचीस, सांडलेला पण उचल, उजव्यानं."

"आठवतं."

"शाळेत जाईपर्यंत. पूर्ण वर्ष."

"वर्षाला दोन महिने कमी."

"बायका म्हणायच्या, ठमाबाईनं पोर सुधारली. तू हसायचीस."

म्हटलं, हसायचे. पोरीची जात, उद्या दुसऱ्याच्या पंगतीत बसली असती, डाव्यानं वाढलं असतं, तर तिथे बांधण्यावर भागलं नसतं. मला वाटलं घरात झालेलं बरं. आता वाटतं काय ते विचारू नकोस, पंचवीस तारीख पाच दिवसांवर आहे.

चिमटा भिंतीवर फेकला तिनं. भिंतीला खड्डा पडला. निघून गेली.

मी भाता सोडला नाही. निखारे विझू दिले असते तर पुन्हा दोन तास. हात भरून आले, तरी ओढत होते. तासाभरानं आली. चिमटा उचलला, पुसला, उजव्यात धरला. काचेची काडी डाव्यात.

२१ जानेवारी, मंगळवार

बोलत नाही. पण डाव्यानं करते.

२२ जानेवारी, बुधवार

सोळा दोरे फुकट. सतरावा आला! लांब, सुतासारखा. पीळ डावीकडे चढणारा. किमयानं तो दोरा उजेडात धरला आणि स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं, परक्याच्या हाताकडे बघावं तसं. मग मला म्हणाली, "जोरात ओढ, झोपलीस काय?"

दोन दिवसांत पहिलं वाक्य. चला.

२३ जानेवारी, गुरुवार

पाच केले, चार तडकले. राख गार झाली होती, माझी चूक. मडकं चुलीवर ठेवून राख तापवत ठेवायला हवी होती. किमयानं तडकलेले चारही माझ्यासमोर पाटावर मांडले, त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

२४ जानेवारी, शुक्रवार

संध्याकाळी सहा मणी राखेत पुरले. त्यातले तीन तरी धड निघायला हवेत. आता राखेवर झाकण. किमया दर घटकेला उठून मडक्याला हात लावते. मी म्हटलं, उघडलंस तर बोटं मोडीन.

पुंडलिक दारात उभा राहून बघत होता. "डाव्यानं?" म्हणाला. म्हटलं, मी सांगितलं तसं. तुला काय अडचण? गेला आत.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी मडकं उघडलं. चार धड. एक जरा फुगीर, तीन उत्तम. जुन्याशेजारी ठेवले. पीळ चारही मण्यांचा एका बाजूला.

शीरा अकराला आली. किमया बोलायला लागली, तिला मी गप्प केलं. जुन्या मण्याची डबी शीराच्या हातात दिली. म्हटलं, मी धुतला. भोगीला, रिठ्यानं. किमयाला ठाऊक नव्हतं, तिला काही बोलायचं नाही.

शीरानं कापूस उलगडला. तोंड पांढरं पडलं. मणी बोटांत फिरवला, पुन्हा फिरवला. वाटलं आता टाकून देते.

"मावशे, सासऱ्याला मी काय सांगू? त्यानं माज्या लग्नात दिला हुता."

"सांग, पेणच्या एका म्हातारीनं धुतला. नाव सांग, पत्ता दे. पत्रानं शिव्या द्यायच्या तर देऊ दे."

"आई म्हणायची, ठमीला काय उसनं दिलं की परत देताना ती घासून चकचकीत करून देते." हे म्हणताना हसली नाही.

मग किमयाचे मणी तिच्यासमोर ठेवले. बघून म्हणाली, छान आहेत, पण पीळ असा उलटा का, चित्रात तर त्याची बाजू दिसतच नाही. किमयानं पुंडलिकचं भिंग तिला दिलं. शीरानं जुना मणी बघितला, नवा बघितला, जुना बघितला. तीन मणी पाकिटात ठेवले. चहा केला होता तो तसाच राहिला. फाटकापर्यंत गेली, परत वळेल असं वाटलं, वळली नाही.

किमयानं भट्टीचा जाळ विझवला.

१ फेब्रुवारी, शनिवार

निकाल यायचाय, पण ती जागा थांबत नाही, म्हणून किमया कंपनीत लागली. पहाटे डबा केला.

९ फेब्रुवारी, रविवार

गोविंदाचे गणपती गेले. त्याला घमेलं परत केलं. भट्टी मोडू का विचारलं किमयाला. म्हणाली, मोड. मी मोडली नाही. वर पाटा ठेवला, कोणाला दिसू नये म्हणून.

२ मार्च, रविवार

पोस्टमन दारावरून जातो. मी विचारत नाही. तोच म्हणतो, "नाय काकी." मी म्हणते, मी विचारलं का?

किमयाच्या बोटांना पट्ट्यांच्या कागदानं चिरा पडल्या आहेत. काचेनं सहा वर्षांत इतक्या पडल्या नव्हत्या. जेवते उजव्यानं.

९ एप्रिल, बुधवार

काल पाडवा. आज पत्र!

किमया दुसऱ्या पाळीला, रात्री येणार. पत्र इंग्रजीत, मला एक अक्षर कळेना. दुपारभर मांडीवर घेऊन बसले. शेवटी पुंडलिक आला, त्याला म्हटलं वाच. म्हणतो तिचं पत्र आहे. म्हटलं, तिच्या भाता ओढणारीला वाचून दाखव.

अडखळत वाचलं. किमयाला निवडलं आहे. एक जूनपासून सहा महिने. नऊ ठिकाणांहून मणी आले होते, बाकी आठ जणांचा पीळ उजवीकडचा. ते लोक आधी म्हणाले, ह्या एकीचंच चुकलंय. मग मी धुतलेला मणी शीरानं समोर ठेवला. मग त्यांनी त्याच शेतात सापडलेले बाकीचे मणी भिंगाखाली घेतले. एकेका मण्याचा जरासा थर त्यांनीच काढून बघितला. सगळ्यांचा पीळ डावीकडे. सगळे एकाच माणसाच्या हातचे, आणि तो किंवा ती डावखुरी. त्यांना इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं.

शेवटी शीराच्या हातच्या माझ्यासाठी चार ओळी. "मावशीला सांग, सासऱ्यानं मणी परत मागून घेतला. माझ्याशी बोलत नाही. मीही अजून तिच्याशी बोलत नाही असं समजावं. रिठा कुठे मिळतो ते मात्र आमच्या लोकांनी विचारलं आहे."

पुंडलिक पत्राची घडी घालत म्हणाला, "मंग कंपनीत सा महिन्यांची रजा मागावी लागेल." म्हटलं, रजा कसली? सोडते म्हणून सांग.

मग अंगणात जाऊन भट्टीवरचा पाटा काढला.

१० एप्रिल, गुरुवार

हे डाव्या हातानं लिहिलं आहे.

शाळा मी कंटाळून सोडली नव्हती. दुसरीत गुरुजींनी हीच बोटं दाराच्या फटीत धरून दार लावलं. दोनदा. तिसऱ्या दिवशी मी गेले नाही. वाती मात्र ह्याच हातानं वळत आले, पदराखाली.

चौपन्न वर्षं झाली. ओळ सरळ आली.